काम राहिले, नाव गेले

दुसऱ्या महायुद्धात जहाजावरील रडारला दिसलेल्या विमानांची नोंद माणसेच हाताने करीत. पारदर्शक फलकामागे उभा राहून नौसैनिक मेणपेन्सिलीने आकडे उलटे लिही, म्हणजे समोरच्या अधिकाऱ्याला ते सुलटे दिसत. जेट विमानांच्या वेगापुढे हा हात अपुरा पडू लागला. तेव्हा अमेरिकी नौदलाने 'नेव्हल टॅक्टिकल डेटा सिस्टीम' ही संगणकप्रणाली उभारली. 1961-62 मध्ये ओरिस्कनी या विमानवाहू नौकेसह तीन जहाजांवर तिच्या चाचण्या झाल्या. या यंत्रांची देखभाल करण्यासाठी जो स्वतंत्र पेशा निर्माण झाला, त्याचे नाव डेटा सिस्टीम्स टेक्निशियन, नौसैनिकांच्या बोलण्यात 'डीएस'.

युनिव्हॅक कंपनीच्या त्या संगणकाची स्मृती होती 32,768 शब्दांची आणि प्रत्येक शब्द 30 बिटांचा. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही आज तेवढ्यात मावणार नाही. यंत्राच्या दर्शनी फलकावर बिटागणिक एक दिवा असे. दिवे तीन-तीनच्या गटाने वाचायचे. एका गटाचा अष्टमान पद्धतीतला एक अंक, म्हणजे 30 दिव्यांत दहा अंक. यंत्र कुठे अडले हे त्या दिव्यांवरून ताडायचे, चाचणी-प्रोग्रॅम चालवायचा, संशयित कार्ड काढून दुसरे बसवायचे. भर समुद्रात मदतीला कारखान्याचा माणूस थोडाच येणार! डीएसला यंत्र आतून ठाऊक असावे लागे, ते यामुळे.

पुढे यंत्रे लहान आणि भरवशाची झाली. 1994 मध्ये संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी खास लष्करी मानकांऐवजी शक्य तिथे बाजारातला माल घेण्याचे धोरण आणले. त्या दशकाच्या अखेरीस डीएस हा पेशा बंद करून त्यातली माणसे इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियन आणि फायर कंट्रोलमन या दोन पेशांत सामावून घेण्यात आली. काम संपले नव्हते, ते वाटले गेले. आपल्याकडे नेमके उलटे झाले : कुलकर्णी वतन गेले, आडनाव तेवढे राहिले.

नावाचे काय एवढे, असे वाटेल. पण अमेरिकी नौसैनिकाला हाकही पेशाच्या नावाने मारतात. सप्टेंबर 2016 मध्ये नौदलाने ही पेशानामेच रद्द केली, तेव्हा इतका संताप उसळला की डिसेंबरात ती परत द्यावी लागली. परत मिळालेल्या नावांत डीएस असण्याचा प्रश्नच नव्हता.