समोरचा पक्ष हरवलेला कामगार

धरमतरच्या खाडीत भरतीचे पाणी चढू लागले की बार्जांची ये-जा सुरू होते. समुद्रात उभ्या राहिलेल्या मोठ्या जहाजांवरचा कच्चा माल त्या आंबा नदीच्या मुखातून आत आणतात आणि डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी धक्क्यावर उतरवितात. एके काळी मुंबईहून येणारी बोट याच बंदराला लागत असे व उतारू पुढे अलिबागची वाट धरीत. त्या काळी या खाडीच्या काठी माणसे एकमेकांशी कामाच्या कोणत्या नात्याने बांधलेली होती आणि आज ती कोणत्या नात्याने बांधलेली आहेत, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

खाडीच्या दोन्ही तीरांवरची भातशेती ही निसर्गाची देणगी नव्हे. मातीचे बांध घालून आणि उघाड्या बसवून माणसांनी ती समुद्राकडून हिसकावून घेतली. उधाणात बांधाला खांड पडली तर एकट्या शेतकऱ्याने काय करावे? खारे पाणी एकदा आत शिरले की ते शेताशेतांत भेद करीत नाही. म्हणून 'जोळ' ही पद्धत रूढ झाली. बांधामागे ज्यांची जमीन, त्यांनी बांधाच्या दुरुस्तीला मिळून जायचे. जोळीत समता नांदत होती असे मानण्याचे कारण नाही. परंतु चिखलात कोण उतरला आणि कोण घरी बसला, हे सर्वांना दिसत असे. पुढे 1948 व 1979 च्या खारजमीन कायद्यांनी बांधांची जबाबदारी सरकारकडे जात राहिली. त्यामागील हेतू चांगला होता. पण बांध सरकारी झाला, तशी खांड पडल्यावर फावडे उचलण्याऐवजी अर्ज लिहिण्याची सवय जडली.

जोळीचे नाते बरोबरीचे होते. खोत आणि कूळ यांचे तसे नव्हते. पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात जाई, शिवाय वेठ वेगळी. तरीही या नात्यात एक गोष्ट स्पष्ट होती : खोताला नाव होते, वाडा होता, दरवाजा होता. 1933 साली पोयनाडजवळच्या चरी गावी कुळे जमली आणि खोतांची जमीन कसायची नाही, असा निश्चय त्यांनी केला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुमारे 25 गावांचा हा संप 1939 पर्यंत चालला. लोकांनी मोळ्या विकल्या, खाडीत मासळी धरली, उपास काढले. डॉ. आंबेडकरांनी 1937 च्या सप्टेंबरात मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यालाही या लढ्याची पार्श्वभूमी होती. सहा वर्षे दम धरता आला याचे श्रेय एकजुटीला द्यावयाचे, हे खरेच. परंतु आपण कोणाविरुद्ध उभे आहोत, हे संपातल्या सर्वांना नेमके ठाऊक होते, ही गोष्टही कमी महत्त्वाची नाही.

आजच्या कंत्राटी कामगाराची अवस्था याच्या नेमकी उलट आहे. ही कोणत्याही एका कारखान्याची कथा नव्हे. पेणपासून रोह्याच्या धाटाव वसाहतीपर्यंत आणि देशभर ती आढळते. एकाच यंत्रापाशी दोघे उभे असतात. एक कायम, दुसरा ठेकेदाराचा. काम तेच आणि धोकाही तोच. मात्र पगार, रजा आणि अपघातानंतरची विचारपूस निराळी. बंगलोरच्या कामगारांवरील आपल्या 1976 च्या पुस्तकात मार्क होल्मस्ट्रोम या अभ्यासकाने कायम नोकरीला तटबंदीच्या किल्ल्याची उपमा दिली होती. 1984 मध्ये त्यानेच ती अपुरी ठरविली. ते योग्यच झाले. तट आता कारखान्याबाहेर नसून आतल्या दोन माणसांच्या मधून जातो.

त्यातही कोकणातील पेच अधिक अवघड आहे. ठेकेदार पुष्कळदा त्याच गावचा, भावकीतला किंवा लग्नसंबंधातला असतो. जमीन गेलेल्या घरातील मुलाला कामावर त्यानेच लावलेले असते. थकलेली मजुरी मागणे म्हणजे मग हक्क मागणे न राहता घरचे भांडण ठरते. वरिष्ठांकडे जावे तर तो कामगार आपला नव्हे, असे उत्तर मिळते. मुंबईच्या गिरण्यांतला जॉबरही असाच गावाकडची माणसे भरती करी आणि दस्तुरी घेई. 1931 च्या व्हिटली आयोगाच्या अहवालात त्याच्यावर टीका झाली होती. जॉबर गेला, पण त्याची जागा काही रिकामी राहिली नाही.

1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने, ठेकेदाराने मजुरी चुकविल्यास ती देण्याचे दायित्व मूळ मालकावर टाकले होते. तरतूद चोख होती. तथापि ज्याच्या हाती पगाराची चिठ्ठी नाही आणि हजेरीची नोंदही नाही, त्याने दावा कशाच्या आधारे करावा?

या बाबतीत महाराष्ट्राने एक वाट पूर्वीच शोधली आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा आला. हमालाला मालक एक नसतो, सकाळी एक तर दुपारी दुसरा; म्हणून मंडळाकडे त्याची नोंद करावयाची, मालकांनी मजुरी व तीवरील आकार मंडळात भरावयाचा आणि मंडळाने ती रक्कम कामगाराला द्यावयाची. या कायद्याच्या नावावर खंडणी उकळली जाते, अशी ओरड उद्योजक करतात, आणि ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु त्यावरचा उपाय नोंदी चोख ठेवणे हा आहे. ज्याचे मालक रोज बदलतात त्या हमालासाठी जे करता आले, ते ज्याचे यंत्र वर्षानुवर्षे एकच आहे आणि ठेकेदार मात्र बदलतो, त्या कामगारासाठी का करता येऊ नये, याचे उत्तर शासनाने द्यावयास हवे. तूर्त फाटकावर दाखवावयाच्या त्याच्या पासावर ठेकेदाराच्या नावाशेजारी मूळ मालकाचे नाव आणि ठरलेली मजुरी छापली, तरी चरीच्या कुळाला जे ठाऊक होते तेवढे त्याला कळेल.