हाइन्झचं औषध आणि अकरा वर्षांची एमी

आज विद्यापीठाच्या वर्गात जायचं आहे, पण आधी एक कोडं ऐका.

हाइन्झ नावाच्या माणसाची बायको कॅन्सरने मरणाच्या दारात आहे. तिचं औषध गावात एकाच दुकानदाराकडे मिळतं. त्याला ते पडतं २०० डॉलरला, तो मागतो २०००. हाइन्झने उसनेपासने करून १००० जमवले. दुकानदार कमीही करेना, उधारही देईना. मग हाइन्झने चोरी करावी का?

नीतिशास्त्राच्या वर्गात ‘चोरी करू नये’ असं फळ्यावर लिहून भागत नाही. असा पेच घालतात आणि ‘का?’ विचारतात. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातले लॉरेन्स कोहलबर्ग हे कोडं घालत. तुम्ही हो म्हणा की नाही, ते कारण बघत. कारणांवरून त्यांनी समजुतीची सहा पायऱ्यांची शिडी केली होती. पण ती बेतली होती फक्त मुलग्यांच्या उत्तरांवरून!

तिथेच शिकवणाऱ्या कॅरल गिलिगन यांना एक गोष्ट दिसली. नीती आणि राजकारणातल्या निवडीवरचा एक वर्ग २० जणांनी मधेच सोडला होता, त्यात १६ मुली. त्या मुलींना गाठून त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. पुढे १९८२ साली गिलिगन यांचं पुस्तक आलं, त्यात अकरा वर्षांची दोन मुलं आहेत. जेक म्हणाला, चोरी करावी. पैशापेक्षा जीव मोठा. त्याला हे गणितासारखं वाटलं. एमी म्हणाली, चोरी नको, पण बायकोही मरायला नको. हा तुरुंगात गेला आणि ती पुन्हा आजारी पडली, तर औषध कोण आणणार? कर्ज काढावं, सगळ्यांनी बसून बोलावं. आपल्या गटाच्या बैठकीतलंच बोलणं की हे!

शिडीवर एमी जेकच्या एक पायरी खाली गेली. विचारणारा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिला, तशी ती बावरली. गिलिगन म्हणाल्या, मुलगी कच्ची नाही, तिचा प्रश्नच वेगळा आहे. तिला नाती तुटू न देता वाट काढायची आहे. नंतर इतरांनी मोजून पाहिलं, तर बाई-पुरुषांच्या गुणांत फार फरक निघाला नाही, हेही सांगायला हवं. पण काळजीतून येणारा हा विचार आता नीतिशास्त्राच्या वर्गात शिकवतात.

आम्ही हे कोडं आमच्या बायकांपुढे ठेवलं. एक आजी लगेच म्हणाल्या, “त्या आजारी बाईला कुणी विचारलं का?” मूळ कोड्यात हा प्रश्न नाहीच.