पळस : वर्गाबाहेरचा एक पाठ

फाल्गुन लागताच यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, घाटंजी, वणी या भागांतील माळ व बांध केशरी दिसू लागतात. पाने गळून गेलेल्या पळसाला याच सुमारास बहर येतो. ज्या झाडाखालून विद्यार्थी रोज शाळेत येतो, त्याचे वर्णन पाठ करवून घेण्यापेक्षा त्याचे एक फूल वर्गात आणणे अधिक उपयुक्त होय.

फुलाचा बाहेरील कोश काळपट व मखमली असतो. आत पाच पाकळ्या असतात. त्यांपैकी दोन जुळून झालेला वाकडा भाग राघूच्या चोचीसारखा दिसतो. ‘किंशुक’ हे संस्कृत नाव, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’, त्यावरूनच पडले. रूपवान पण विद्याहीन मनुष्याला सुभाषितकारांनी या निर्गंध फुलाची उपमा दिली. हा फुलावर थोडा अन्यायच झाला. पळसाचे परागीभवन मुख्यतः पक्षी करतात. ते रंग पाहून मधासाठी येतात. सुगंधावाचून त्यांचे काही अडत नाही.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हणही तपासून पाहण्यासारखी आहे. ज्यांना आपण तीन पाने म्हणतो, त्या एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका होत. कळी देठाच्या बुडाशी असते, पर्णिकेच्या बुडाशी नसते. मुलांना हे स्वतः शोधू द्यावे. म्हण त्यामुळे खोटी ठरत नाही, शास्त्र मात्र पक्के होते.

पोळ्याला दाराशी पळसाच्या डहाळ्या ठेवण्याची चाल विदर्भात आहे. पंगतीच्या पत्रावळी आणि द्रोण याच पानांचे. बंजारा तांड्यांवर या फुलाला केसुला म्हणतात. होळीला तेथे लेंगी गाइली जाते. वर्गात तांड्यावरील मुले असल्यास हा शब्द त्यांच्याकडूनच यावा. शिक्षकांनी तो आधी सांगून टाकू नये.

पुडीतल्या रंगामुळे घरी रंग करण्याची रीत मागे पडली आहे. ती ज्या आजीला ठाऊक असेल, तिला शाळेत बोलवावे. कृती सोपी आहे. फुले रात्रभर पाण्यात भिजवावीत किंवा उकळावीत. पिवळा-केशरी रंग उतरतो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकल्यास तो गडद होतो. फुले झाडाखाली गळलेलीच वेचावीत. प्रत्येक शेंगेत बी एकच असते, हे मुलांना दाखविल्यास फांद्या का ओरबाडू नयेत हे निराळे सांगावे लागत नाही. होळीच्या सायंकाळी फुले भिजत घातली म्हणजे धुळवडीच्या सकाळी रंग तयार असतो. हे पाणी फार दिवस टिकत नाही. सावलीत वाळवलेली फुले मात्र डब्यात ठेवता येतात.