पिस्तूल आस्तिक की नास्तिक? (संस्कार आणि हिंसा : लेखांक ९)

मंदिर-मशिदीतल्या हजेरीचा अभ्यास आज घ्यायचं कबूल केलं होतं, तो पुढे ढकलतो आहे. कारण सांगलीहून आलेलं एक पत्र. निवृत्त शिक्षकांचं आहे, त्यामुळे अक्षर सुरेख आणि प्रश्न अडचणीचा. ते लिहितात, ‘स्टिकर वाटणाऱ्या पोरांवरचा तो निबंध मागे घेतला गेला, तेव्हा धार्मिक घरातली मुलं कमी उदार असतात हे काही सिद्ध झालं नाही, इथवर पटलं. आता दुसरी बाजू घ्या. भगतसिंग नास्तिक होते आणि पिस्तूलही त्यांच्याच हातात होतं. देवाचा धाक गेला की हात सुटतो, असं म्हणायचं का?’

हा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नाही. मी ज्या नॉलेज सिटीत बसून ही लेखमाला लिहितो, तिथे आयसर आहे, नॅनो विज्ञानाची संस्था आहे, आयएसबी आहे. लोक सरसकट ‘चंडीगड’ म्हणतात, पण जिल्हा आहे साहिबजादा अजितसिंग नगर. गुरू गोविंदसिंगांचा हा थोरला मुलगा चमकौरच्या लढाईत सतराअठरा वर्षांचा असताना पडला. आणि इथून जवळच असलेल्या विमानतळाला २०२२ च्या सप्टेंबरात नाव मिळालं ते तेविसाव्या वर्षी फाशी गेलेल्या एका नास्तिकाचं. एकीकडे धर्मासाठी लढलेला पोरगा, दुसरीकडे देव नाकारणारा तरुण. इथल्या ट्रॅक्टरच्या काचांवर दोघांचीही चित्रं चिकटवलेली दिसतात आणि त्यात कोणाला काही विसंगत वाटत नाही. मला ती गंमत वाटत आली आहे.

तर भगतसिंग. ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध त्यांनी ऑक्टोबर १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात लिहिला. तो सगळे विचारांसाठी वाचतात. मी तो क्रमासाठी वाचायला सांगतो, म्हणजे आयुष्यात कशाच्या आधी काय घडलं यासाठी. आजोबा अर्जुनसिंग आर्यसमाजी. वडील उदार मनाचे, पण नास्तिक नव्हेत. मुलाने रोज प्रार्थना करावी असा त्यांचा आग्रह. लाहोरच्या डीएव्ही शाळेच्या वसतिगृहात असताना हा मुलगा सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेवर न थांबता तासन् तास गायत्री मंत्र म्हणत बसे. पुढे नॅशनल कॉलेजात शंका सुरू झाल्या, तरी देवावरचा विश्वास टिकून होता. त्या अवस्थेतच ते क्रांतिकारकांच्या पक्षात गेले. देव पूर्णपणे सुटला तो १९२६ च्या अखेरीस.

म्हणजे सशस्त्र मार्ग आधी आणि नास्तिकता नंतर. सांगलीच्या गुरुजींना माझं पहिलं उत्तर हेच. देव गेल्यामुळे हात सुटला म्हणावं, तर हाताने वाट धरली तेव्हा देव जागेवरच होता.

पण या निबंधामागचा प्रसंग त्याहून मोलाचा आहे. भगतसिंगांना तुरुंगात देवाचं समजावून सांगायला आले होते बाबा रणधीरसिंग. अत्यंत धर्मनिष्ठ शीख. प्रसिद्धीने तुझ्या डोक्यात हवा गेली आहे, म्हणून तू देव नाकारतोस, असा त्यांचा आरोप. निबंध त्या आरोपाचं उत्तर म्हणून लिहिलेला. आता हे बाबा तिथे कशासाठी होते? १९१५ च्या गदर उठावात, फिरोजपूरची छावणी ताब्यात घ्यायला निघालेल्यांत ते होते आणि त्याबद्दल जन्मठेप भोगत होते. देवावरून वाद घालणारे हे दोघेही सरकारविरुद्ध शस्त्र धरल्यामुळे एका तुरुंगात आलेले. शस्त्र धरावं की नाही, हा त्यांच्यातला वादाचा मुद्दाच नव्हता! या विषयावर मी जे काही वाचलं, त्यात या भेटीइतका चोख पुरावा मला क्वचित सापडला.

आता १७ डिसेंबर १९२८ ची लाहोरातली दुपार. लाला लजपतराय यांच्या मिरवणुकीवर लाठीमार करवणारा पोलीस अधिकारी स्कॉट हा नेम होता. बाहेर आला त्याच्या हाताखालचा सॉन्डर्स. पहिली गोळी झाडली शिवराम हरी राजगुरूंनी. खेडचे देशस्थ ब्राह्मण, कोवळ्या वयात संस्कृत शिकायला बनारसला गेलेले. त्यांच्या नावावरून खेडचं आज राजगुरुनगर झालं आहे. त्यानंतरच्या गोळ्या भगतसिंगांच्या. पाठलाग करणाऱ्या चननसिंग या हवालदाराला चंद्रशेखर आझादांनी टिपलं, म्हणजे उघड्या अंगावर जानवं आणि मिशीला पीळ या छायाचित्रातल्याच आझादांनी. आणि तिघे निसटले ते समोरच्या डीएव्ही कॉलेजच्या आवारातून. ज्या संस्थेच्या वसतिगृहात एक मुलगा गायत्री जपत होता, तिचंच कॉलेज.

एकाच्या घरी शीख आणि आर्यसमाजी वळण, दुसऱ्याचं शिक्षण संस्कृत पाठशाळेतलं, तिसऱ्याच्या आईची इच्छा पोराने काशीला जाऊन संस्कृतचा पंडित व्हावं अशी. त्या दुपारी देव मानणारे आणि न मानणारे एकाच कटात होते. घरच्या वळणावरून त्यांच्या हातांत फरक करून दाखवा, मी लेखमाला बंद करतो.

योगायोग असा की त्याच १९२८ साली अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांचं शाळकरी मुलांच्या फसवेगिरीवरचं पुस्तक आलं. सुमारे ११ हजार मुलं तपासलेली. त्यांची युक्ती पाहा. परीक्षा घ्यायची, पेपर गोळा करायचे, गुपचूप त्यांची नक्कल करून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तेच पेपर मुलांना परत देऊन म्हणायचं, ‘तुमचे तुम्हीच तपासा.’ कोणी उत्तर बदललं की नकलेशी ताडून लगेच कळतं. चर्चच्या रविवारच्या शाळेत मूल किती नियमाने येतं, याचा त्याच्या फसवण्याशी म्हणण्यासारखा संबंध सापडला नाही. पण मला त्याहून मोठा वाटतो तो दुसरा निष्कर्ष. वर्गात फसवणारं मूल खेळात प्रामाणिक निघे, पैशांना हात न लावणारं पेपरात खाडाखोड करी. ‘प्रामाणिक मूल’ असा शिक्का मारावा, तर प्रसंग बदलला की तो पुसला जाई.

हिंसेचंही असंच असावं, असं मला भगतसिंगांकडे पाहून वाटतं. सॉन्डर्सनंतर चार महिन्यांच्या आत, ८ एप्रिल १९२९ ला, त्यांनी आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकले ते कोणी मरू नये अशा बेताने, रिकाम्या बाकांच्या बाजूला. आणि पळाले नाहीत. त्यानंतर तुरुंगात हीच मंडळी उपोषणाला बसली. जतीन दास ६३ दिवस अन्नाशिवाय राहून १३ सप्टेंबर १९२९ ला गेले. डिसेंबरात जीव घेणारे, एप्रिलात जीव वाचवून बॉम्ब टाकणारे, सप्टेंबरात स्वतःचा जीव पणाला लावणारे. एवढ्या महिन्यांत कोणाचं बालपण बदललं नव्हतं. बदललं होतं ते समोरचं काम, आणि आपल्याबरोबर कोण आहे, आपल्याकडे कोण पाहतं आहे, हे.

म्हणून माझं मत असं की संस्कार माणसाला भाषा देतात. आपण केलेल्या गोष्टीचं समर्थन कोणत्या शब्दांत करायचं, हे बहुतेक घरात ठरतं; एकाच्या तोंडी गीता येते, दुसऱ्याच्या तोंडी मार्क्स. गोष्ट करायची की नाही, हे ठरतं बरोबरच्या दहाबारा जणांत. भगतसिंगांनी त्या निबंधात काकोरीच्या रेल्वे लुटीबद्दल फाशी गेलेल्या हुतात्म्यांचं लिहिलं आहे, की ते शेवटच्या दिवशी प्रार्थनेत होते. स्वतः त्यांना तो आधार नको होता. पण काकोरीवाल्यांची संघटना आणि त्यांची संघटना एकाच धाग्यातली.

यावर शास्त्रीय वळणाचे वाचक म्हणतील की पाचसात क्रांतिकारकांवरून नियम काढता येत नाही. बरोबर आहे. शिवाय परकी सत्ता छातीवर बसलेली असताना शस्त्र धरणं आणि गल्लीत शेजाऱ्याचं घर जाळणं एका मापाने मोजू नये, हेही मला मान्य. मी एवढंच म्हणतो की ‘नास्तिक म्हणून हिंसक’ या विधानाला लाहोरची साक्ष मिळत नाही, आणि ‘धार्मिक म्हणून हिंसक’ या विधानालाही नाही.

गुरुजींच्या पत्राला ताजा कलम होता, ‘आपल्या चापेकरांचं काय?’ कीर्तनकाराच्या घरातले सख्खे भाऊ, वडिलांना कीर्तनात साथ करणारे, आणि २२ जून १८९७ च्या रात्री पुण्याच्या गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडची वाट पाहत थांबलेले. इथे मात्र घर आणि बरोबरची मंडळी एकच, त्यामुळे माझं वरचं उत्तर तिथे सरळ बसत नाही. दामोदरपंतांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त पुन्हा उघडून बसलो आहे. पुढचा लेखांक चिंचवडचा. हजेरीचा अभ्यास त्यानंतर.