मुलींच्या बास्केटबॉलची ओहोटी

बास्केटबॉल हा खेळ अमेरिकेंत १८९१ सालीं निघाला आणि पुढच्याच वर्षीं सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनें तो स्मिथ कॉलेजांतील मुलींस शिकविला. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानें शिक्षणसंस्थांत मुलींस समान संधि मिळाली, तेव्हां हायस्कुलांतून या खेळास भरती आली. २००२-०३ मध्यें तेथें सुमारें ४ लक्ष ५७ हजार मुली शालेय संघांतून खेळत होत्या. २०२२-२३ मध्यें हा आंकडा ३ लक्ष ७३ हजारांवर उतरला.

मुलींनीं मैदानच सोडलें काय? तसें नव्हे, त्यांचा व्हॉलीबॉल याच काळांत पुढें गेला. पूर्वीं एकच मुलगी ऋतुमानाप्रमाणें दोनतीन खेळ खेळे. आतां खासगी क्लब वर्षभर एकाच खेळाची तालीम मागतात, आणि त्यांची वर्गणीही जबर असते. जिच्या पालकांस ती झेपत नाहीं, ती संघनिवडीच्या वेळीं मागें पडते.

इकडे २०२४ चा महाविद्यालयीन स्त्रियांचा अंतिम सामना सरासरी १ कोटि ८९ लक्ष प्रेक्षकांनीं पाहिला. प्रेक्षक वाढले, खेळाडू घटले! परंतु शालेय खेळाचें खरें फळ विजयी पांचजणींपुरतें नसतें. मागच्या बाकावरील सामान्य मुलीच्या देहास व मनास जें वळण लागतें, तेंच तें फळ होय.