मेद, दाह आणि घोड्याचे खूर : चाळीस वर्षांच्या संशोधनाचा आढावा

१९८३ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॉन हेनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्याच्या अंगावरील मेदाला १ ते ९ असे गुण देण्याची पद्धत मांडली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न पैदाशीच्या घोड्या वेळेवर गाभण राहण्याचा होता. घोडे लठ्ठ होत चालल्याची चिंता त्या कामामागे नव्हती. मान, जू टेकते तो खांद्यावरचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ या सहा ठिकाणी हात फिरवून गुण ठरवायचे, इतकी ही पद्धत साधी आहे आणि तिचे सारे सामर्थ्य या साधेपणातच आहे. बरगडी डोळ्यांना दिसत नाही, परंतु बोटांना सहज लागते, अशी अवस्था निरोगी समजली जाते; ७ गुणांपासून पुढे स्थूलपणाची हद्द सुरू होते.

या पद्धतीची एक उणीव मात्र पुढे ध्यानात आली. दोन घोड्यांचे एकूण गुण सारखे असले, तरी मेद कोठे साठला आहे यावर त्यांचे भवितव्य वेगळे ठरू शकते. आयाळीखाली, मानेच्या वरच्या कडेला साठणाऱ्या मेदाची ० ते ५ अशी स्वतंत्र श्रेणी २००९ साली पुढे आली आणि त्याच सुमारास व्हर्जिनियातील तट्टूंच्या एका कळपावरील अभ्यासात असे आढळले की, मानेला ४ किंवा त्याहून अधिक गुण मिळालेल्या आणि रक्तात इन्शुलिनचे प्रमाण वाढलेल्या तट्टूंना कुरणावर चरताना लॅमिनायटिस होण्याचा धोका बराच जास्त होता. घोड्याच्या खुरातील हाड खुराच्या भिंतीला असंख्य नाजूक पापुद्र्यांनी जखडलेले असते. हे पापुद्रे दुखावून ताणले जातात, त्या विकाराला लॅमिनायटिस म्हणतात. तो बळावला की हाड जागेवरून सरकते आणि जनावराला पाऊल टाकणेही असह्य होते. वयात आलेल्या नराची मान मुळातच भरदार असते, हे ध्यानी घेऊनही, मानेवर ठेवलेला जाणता हात जे सांगतो ते नुसत्या वजनकाट्याला सांगता येत नाही.

लठ्ठपणा आणि दाह यांची सांगड घोड्यांच्या वैद्यकात बाहेरून आली. १९९३ साली स्थूल उंदरांच्या मेद-ऊतींत ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हा दाहकारी रेणू वाढलेला आढळला आणि तो इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतो असे दिसले; २००३ साली त्याच ऊतींत भक्षकपेशींचा, म्हणजे रोगजंतू व मृत पेशी गिळणाऱ्या संरक्षक पेशींचा, भरणा असल्याचे उघड झाले. दरम्यान २००२ साली फिलिप जॉन्सन यांनी घोड्यातील स्थूलपणा, इन्शुलिनला दाद न देणाऱ्या पेशी आणि लॅमिनायटिस यांना एकत्र गुंफून घोड्याच्या चयापचय-लक्षणसमूहाची कल्पना मांडली. २००७ साली केंटकीतील घोड्यांवरील अभ्यासात स्थूलपणाशी दाहकारी रेणूंचा संबंध दिसला आणि उंदराची कथा जशीच्या तशी घोड्याला लागू पडते, असा समज रूढ झाला.

या समजाचे पुरस्कर्ते आजही पुष्कळ आहेत आणि घोड्याच्या प्रत्येक दुखण्याचे मूळ दाहात शोधून दाह शमविणारी चूर्णे व तेले सुचविण्याचा त्यांचा उत्साह अद्याप ओसरलेला नाही. पुरावा मात्र त्यांना इतकी मोकळीक देत नाही. २०१० साली ओहायोतील संशोधकांनी शरीराच्या वेगवेगळ्या भागांतील मेद तपासला, तेव्हा मानेच्या मेदात दाहकारी जनुके इतर ठिकाणांपेक्षा अधिक जागी असलेली आढळली खरी, परंतु इन्शुलिनला दाद देणारे घोडे आणि न देणारे घोडे यांच्यात त्या बाबतीत अपेक्षित फरक दिसला नाही. पुढे मेलबर्नच्या अभ्यासकांनी घोडे व तट्टू जाणीवपूर्वक लठ्ठ केले, तरी केवळ मेद वाढल्यामुळे इन्शुलिनचा परिणाम घटतोच असे नाही, हेही पुढे आले. तेव्हा दाह खोटा नाही, पण तो सोबती आहे. सूत्रधाराची जागा त्याला देणे घाईचे ठरते.

सूत्रधार कोण, याचे उत्तर क्वीन्सलंड विद्यापीठात मिळाले आणि या चाळीस वर्षांतील सर्वांत मोलाचे काम तेच होय. २००७ साली तेथील संशोधकांनी निरोगी तट्टूंच्या रक्तातील साखर स्थिर ठेवून इन्शुलिनचे प्रमाण दीर्घकाळ चढे ठेवले आणि ना लठ्ठपणा, ना पोटाचा बिघाड असतानाही त्या तट्टूंना लॅमिनायटिस झाला; २०१० साली स्टँडर्डब्रेड घोड्यांत ४८ तासांच्या अशाच प्रयोगाने तेच घडले. त्या खुरांच्या सूक्ष्मदर्शी तपासणीत पापुद्र्यांच्या पेशी ताणलेल्या व विभाजन पावत असलेल्या दिसल्या, आणि दाहाच्या खुणा त्या मानाने गौण होत्या. इन्शुलिनसदृश वाढ-घटकाच्या ग्राहकांवर, म्हणजे पेशीवरील संदेश टिपणाऱ्या रेणूंवर, अतिरिक्त इन्शुलिन काम करत असावे, हा त्यावरील एक विचारार्ह तर्क आहे. निष्कर्ष एवढा की, खुराकडे जाणारा मुख्य रस्ता इन्शुलिनवरून जातो, आणि इन्शुलिन चढते ते साखर व पिष्ट यांनी भरलेल्या चाऱ्यामुळे, वंशाच्या घडणीमुळे आणि बसून राहण्यामुळे.

वंशाच्या घडणीचा विचार करताना ऋतुचक्राकडे पाहिल्याविना पुढे जाता येत नाही, आणि आढावे लिहिणारे बहुतेक विद्वान नेमके तेच टाळतात. वेल्श, शेटलंड, एक्समूर ही ब्रिटनची तट्टे निसर्गतः उन्हाळ्यात भराभर मेद साठवीत आणि थंडीत कोरड्या, निकस गवतावर तो खर्च करीत; वसंतापर्यंत बरगड्या हाताला चांगल्या लागू लागत आणि नव्या गवताचे स्वागत एक रिकामे, इन्शुलिनला तत्पर शरीर करी. हे वार्षिक रितेपण ही त्यांच्या आरोग्याची अट होती. आज याच तट्टांवर थंडीत गरम झूल चढते, पुढ्यात वर्षभर चारा असतो आणि वसंतात त्यांना दुभत्या गाईंसाठी सुधारलेल्या, साखरेने समृद्ध रायग्रासच्या कुरणात सोडले जाते. परिणामी भरती होते, ओहोटी कधीच येत नाही. एका हिवाळ्याचा मेद दुसऱ्या उन्हाळ्याच्या मेदावर चढत जातो आणि मालक त्याला प्रेमाची खूण समजतो.

उपचाराबाबत फार विस्तार नको, कारण त्यात नवे थोडेच आहे. शरीराच्या वजनाच्या सुमारे १.५ टक्के कोरडा चारा, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला ६ किलो, तोही साखर-पिष्ट कमी असलेला, आणि शक्य तेथे भिजवून साखर धुऊन काढलेला. धान्याची चंदी बंद. उपासमार मात्र कदापि करू नये, कारण लठ्ठ तट्टू व गाढवे एकाएकी उपाशी ठेवली तर अंगातील मेद रक्तात उतरून यकृत निकामी होऊ शकते. खूर दुखत नसेल तेव्हा रोजचा श्रम हवाच. २०१४ साली लॅमिनायटिसमधून बाहेर आलेल्या तट्टूंना काही आठवडे हलका, नियमित व्यायाम दिल्यावर त्यांच्या रक्तातील दाहदर्शक प्रथिने खाली आली. चूर्णांच्या डब्यांकडून ज्याची अपेक्षा केली जाते, ते काम दुडक्या चालीने केले, याची नोंद फारशी कोणी घेत नाही.

महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू विरळ गवतावर, कडब्यावर आणि लांब मजलींवर घडले. मोतद्दार खरारा करताना रोज त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवी, आणि कष्ट बघून चंदी वाढविण्याची किंवा घटविण्याची समज त्या हातात होती. आज दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या बाजारात घोड्याचा रुबाब पाहिला जातो, आणि वाटोळा पुठ्ठा व जाड मान यांना अनेकदा तब्येतीचे लक्षण मानले जाते. काम गेले, मजला गेल्या, चंदी मात्र राहिली. मेदाला सौंदर्य समजणारी ही नजर बदलल्याखेरीज कोणतेही निदान वेळेवर होणार नाही, म्हणून पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला रक्ततपासणीच्या यंत्राआधी मानेवर आणि बरगडीवर हात ठेवायला शिकवले पाहिजे, आणि पैदास करणाऱ्याने वर्षातून एक ऋतू आपले जनावर सडसडीत होऊ द्यावे, हा आग्रह सोडण्याचे कोणतेही कारण या चाळीस वर्षांनी दिलेले नाही.