गाडीचा एसी आणि पांदणीचा चिखल



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात एके काळी जीप म्हटली की ती सरकारी साहेबाची, नाहीतर बाजाराला जाणारी काळी-पिवळी. तिला दारे असली तरी पुष्कळ, मग थंड हवेची गोष्ट कशाला! आता मात्र गावोगाव शेतकऱ्याच्या अंगणात बोलेरो किंवा तशीच एखादी गाडी उभी दिसते आणि तिला एसी असतो. ट्रॅक्टरलासुद्धा एसीची केबिन मिळू लागली आहे. चार पैसे गाठीला बांधून घरात गाडी आली, याचा आनंदच आहे. पण विस्तार कामासाठी पांदणीने हिंडताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : "साहेब, एसी लावला की गाडी ओढत नाही म्हणतात, ते खरं काय?"

खरे आहे. मात्र ते कुठे खरे आणि कुठे नाही, हे ठाऊक असावे. भर पावसात गाडीत आजारी माणूस असताना ते शिकायला वेळ नसतो.

एसीला वेगळे इंजिन नसते. गाडीच्या इंजिनावरून एक पट्टा फिरतो आणि तो कॉम्प्रेसर नावाचा पंप चालवतो. हा पंप वायू दाबतो, दाबलेला वायू तापतो, आणि ती उष्णता रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरच्या जाळीतून बाहेर टाकली जाते. या कामाला कडक उन्हात साधारण तीन-चार अश्वशक्ती लागते. एक बैलजोडी दिवसभर सुमारे एक अश्वशक्ती देते असा ढोबळ हिशेब आपण धरतो. म्हणजे गाडीला जुंपलेल्या तीन-चार जोड्या सोडून त्या थंड हवेच्या पंपाला लावल्यासारखे झाले.

यावर कोणी म्हणेल, आमच्या गाडीचे इंजिन ७५ अश्वशक्तीचे आहे, चार गेल्या तर काय बिघडले? समृद्धी महामार्गावर मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना काहीच बिघडत नाही. पण हे ७५ इंजिन जोरात फिरत असतानाचे असतात. तेच इंजिन पहिल्या गिअरमध्ये मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास हळूहळू फिरत असेल, तर त्याच्याकडून अंदाजे पंधरा-वीस अश्वशक्तीच मिळते. त्यातल्या चार गेल्या म्हणजे पाचवा हिस्सा गेला. आणि नेमके त्याच वेळी काम सगळ्यात जड असते. माणसांसह दोन टनांची गाडी डांबरी रस्त्यावर चालत ठेवायला तीसेक किलोचा ओढ पुरतो. मऊ चिखलात त्याच्या दहापट आणि कधी त्याहूनही जास्त लागतो. दहा फुटाला एक फूट असा चढ असला, तर वर आणखी दोनशे किलो.

आपली जमीन कशी आहे हे सांगायला नको. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. तिथली काळी माती पाऊस पडला की चाकाला धरते आणि टायरची नक्षी भरून टाकते. मग टायर म्हणजे नुसता गुळगुळीत रूळ! इथेच लोकांचा एक गैरसमज होतो. गाडी फसली की एसीला दोष देतात, पण फसण्याचे प्रकार दोन आहेत. चाक जागच्या जागी गरगर फिरत असेल, तर शक्ती कमी नाही, पकड कमी आहे. तिथे एसी बंद करून काही होणार नाही. रेस देणे थांबवा, फावड्याने चाकापुढची माती काढा, पऱ्हाटी किंवा तुरीच्या तुराट्या अंथरा, टायरमधली हवा थोडी कमी करा आणि डांबरीवर पोचताच पुन्हा भरा. पण चाक माती धरून आहे आणि इंजिनच धडधडत दम टाकून बंद पडते आहे, असे दिसले तर मात्र त्या तीन-चार जोड्या परत गाडीला जुंपा. एसी बंद करा.

बंद करायचा तो चिखलात शिरण्यापूर्वी. याला कारण आहे. कॉम्प्रेसर सारखा चालत नाही, तो लागतो आणि सुटतो. बारीक कान दिला तर 'टक' असा आवाज येतो. इंजिन कसेबसे ओढत असताना मध्येच तो लागला, की वजन एकदम वाढते आणि इंजिन बंद पडते. काळ्या मातीत एकदा थांबलेली गाडी पुन्हा हलवणे किती कठीण, ते तुम्ही जाणताच. नव्या पुष्कळ गाड्यांत पाय पूर्ण दाबला की यंत्रणा आपण होऊन कॉम्प्रेसर सोडते. जुन्या गाडीत ही सोय असेलच असे नाही.

आता उन्हाळा घ्या. २५ अंशांच्या मानाने ४५ अंशाला हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. ज्या जुन्या डिझेल गाड्यांना टर्बो नाही, त्यांची ताकद तितकी घटते, आणि त्याच दिवशी एसीचे ओझे सर्वांत जास्त असते. मोताळ्याकडून राजूर घाट चढून बुलढाण्याला येताना, नाहीतर खामगावहून बोथ्याच्या घाटाने येताना, तापमानाचा काटा वर सरकतो तो यामुळेच. गाडी हळू, इंजिन जोरात, समोरून वारा नाही, आणि रेडिएटरच्या पुढ्यात कंडेन्सर गरम हवा सोडत बसलेला! काटा वर जाऊ लागला की पहिल्यांदा एसी बंद करा. तरी उतरला नाही तर खिडक्या उघडून हीटर पूर्ण चालू करा. उकडेल, पण इंजिनाची उष्णता तेवढी बाहेर पडेल. मग सुरक्षित जागा पाहून थांबा. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नका, उकळते पाणी तोंडावर उडते.

पण एसी म्हणजे नुसती चैन, असे मी म्हणणार नाही. मे महिन्यात उष्माघाताचा रुग्ण जिल्हा रुग्णालयात न्यायचा असेल, तर गाडीतली थंड हवा हाच वाटेतला उपचार आहे. अशा वेळी एसी चालू ठेवा, एक गिअर खाली घ्या म्हणजे इंजिन मोकळे फिरेल, जास्तीची माणसे मागून येऊ द्या आणि काट्यावर नजर ठेवा. रुग्णाच्या अंगावर ओले फडके असू द्या. एसी थोडा वेळ बंद करावा लागलाच, तर काचा खाली करून त्या ओल्या अंगावर वारा लागू द्यावा.

नाल्यातून जाण्याचा प्रसंग वेगळा. घोट्याइतके, तळ दिसणारे, संथ पाणी असेल तरी एसी आधी बंद करावा. तो चालू असला की पुढचा विजेचा पंखा फिरत असतो. त्याची पाती पाणी ओढतात, वाकतात आणि रेडिएटरला लागतात. पुलावरून पाणी वाहत असेल तर एसीचा प्रश्नच नाही, गाडी घालायचीच नाही. मग ती फोर-व्हील असो की आणखी काही.

आणखी एक गोष्ट घरातल्या बायाबापड्यांना आणि पोरांना जरूर सांगा. गाडी फसली, मदत यायला वेळ आहे, म्हणून काचा बंद करून एसी लावून बसायचे नाही. सायलेन्सरचे तोंड चिखलात बुजले तर विषारी धूर आत शिरू शकतो. त्याला वास नसतो, गुंगी येते आणि माणूस उठत नाही. इंजिन बंद करून खाली उतरावे, झाडाखाली बसावे. मात्र विजा कडाडत असतील तर झाड टाळून, इंजिन बंद ठेवून गाडीतच बसणे बरे.

ट्रॅक्टरच्या केबिनबद्दलही लोक कुजबुजतात, की हा शेठ झाला. मला ते पटत नाही. ४४ अंशांत दिवसभर रोटाव्हेटर चालवणाऱ्या माणसाच्या जिवाचाही काही हिशेब आहे की नाही? ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमधून चार गेल्या म्हणजे आठ टक्के. इंजिन दबू लागले तर खोली थोडी कमी करा किंवा एक गिअर खाली या. जाळीकडे मात्र दुर्लक्ष नको. सोयाबीन मळणीचे भूस, गाजरगवताचे बी, कापसाची रुई हे सगळे कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसते. मग थंडही होत नाही आणि इंजिनही तापते. हंगामात रोज संध्याकाळी इंजिन निवल्यावर जाळी आतून बाहेर हवा मारून झाडावी. पाणी वापरले तर धार मंद असावी, नाहीतर पातळ पत्रे वाकतात. पट्टा ढिला झाला आहे का, हेही त्याच वेळी बोटाने दाबून पाहावे, अर्थात चावी खिशात ठेवून.